गोथेनबर्गच्या गर्दीत

मरोळ गावठाण, अंधेरी
रविवार, ता. २० जुलै १९५८

प्रिय ल्युसीवहिनीस,
तेरेसाचा स. न. वि. वि.

पाकिटावर तुझ्या नावाआधी काय लिहावं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. राग मानू नकोस.

काल इथे एक प्रकार घडला. तो इथल्या बायकांच्या तोंडून वसईला पोहोचायच्या आत तुला माझ्याकडून कळावा, म्हणून हे पत्र. घडलं त्या क्रमाने लिहिते.

आपल्या वाडीतला धाकू अंधेरीच्या थेटरात डोअरकीपर आहे, तुला आठवत असेल. इंग्रजी पिक्चरच्या आधी बातम्यांचं जे रीळ दाखवतात, त्यात या आठवड्यात स्वीडनमधल्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचे पहिले सामने आहेत, असं त्याने शुक्रवारी येऊन सांगितलं. बॉल नुसतो पळता हा, बघूक येवा, म्हणाला. सामने होऊन सहा आठवडे झाले. कोण जिंकलं ते पेपरात कधीच आलं. तरी जॉनकाका हटून बसला. तरुणपणी तो देवळाच्या संघाचा गोलकीपर होता आणि अजून त्याच तोऱ्यात असतो. काका, माय, मी, आपली धाकटी अँजेलिना, शेजारची माणिक आणि तिच्या घरचे असे अकरा जण निघालो. अँजेलिना म्हणाली, टीम पुरी झाली, आता फक्त खेळता येत नाही एवढंच. माणिकने वाटेत विचारलं की गोलातल्या एकट्यालाच हात लावायची मुभा का. काका म्हणाला, कारण डोकं त्या एकट्यालाच असतं.

तिथपर्यंत सगळं मजेत होतं. इंग्लंड आणि रशियाचा सामना गोथेनबर्ग नावाच्या बंदरात झाला. त्यात एका गोलानंतर प्रेक्षकांचं दृश्य येतं. तिसऱ्या रांगेतला एक सावळा माणूस उठून दोन्ही हात वर करतो. एक हात सरळ वर जातो. दुसरा कोपरात अडकून अर्ध्यावरच राहतो.

माय उभी राहून ओरडली, माझा विन्सेंट. काका ओरडला, डावा हात, अरे डावाच! मग सगळी रांग उठली. मागचे लोक शिव्या देऊ लागले. मायला बाहेर आणून पाणी द्यावं लागलं.

आता माझं निरीक्षण लिहिते. आज दुपारी मी एकटी जाऊन ते दृश्य पुन्हा पाहिलं. ते साडेतीन सेकंद टिकतं. अडकलेला हात पडद्याच्या डाव्या बाजूला दिसतो, म्हणून सगळे डावा म्हणाले. पण तो माणूस आपल्याकडे तोंड करून आहे. आपल्या डावीकडे दिसतो तो त्याचा उजवा हात. इस्पितळात रोज पन्नास छात्यांच्या एक्स-रे फिल्म माझ्या हातून जातात. समोरच्याचं डावं-उजवं यात माझी चूक होत नाही. विन्सेंट सातव्या वर्षी चिंचेवरून पडला आणि हाडवैद्याने त्याचं डावं कोपर वाकडं बसवलं, हे तुला नव्याने सांगायला नको. तेव्हा फिल्ममधला माणूस विन्सेंट नाही.

जहाज कंपनीचं पत्र जसं होतं तसंच आहे: नोव्हेंबर पंचावन्न, हॅम्बर्गचा धक्का, कोट सापडला, माणूस सापडला नाही, बुडाला असावा. बिशपसाहेबांच्या कचेरीने ते मान्य करून मे महिन्यात तुला लग्नाची मोकळीक दिली. त्यात कालच्या प्रकाराने काही फरक पडत नाही. इग्नेशियस यांच्याशी ठरलेलं पुढे न्यायला माझ्या मते हरकत नसावी.

तब्येत सांभाळ. घरी सगळ्यांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
तेरेसा


वसई
ता. २५ जुलै १९५८

प्रिय तेरेसा हिस,
ल्युसीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोहोचायच्या आदल्या दिवशीच भाजीवाल्या बायकांनी बातमी आणली होती. त्यांच्या सांगण्यात विन्सेंटने पडद्यावरून मायला हाक मारली आणि थेटरातल्या दोन बायका बेशुद्ध पडल्या. भावजयीने माझ्या हातातलं शिवण काढून घेतलं, कारण मी सुई बोटात घातली होती आणि मला कळलंही नव्हतं. मग तुझं पत्र आलं. ते मी चार वेळा वाचलं. त्यात कुठेही माया नव्हती, आणि त्यामुळेच मला धीर आला. तू खोटा दिलासा देणारी नाहीस.

तुला खरं सांगते, त्या एका दिवसात मी काय काय मागितलं ते फादरनाही सांगता येणार नाही. तो जिवंत असू दे, असं एकदाही तोंडात आलं नाही. तो जिवंत असला तर तीन वर्षं त्याला टपालाचं तिकीट मिळालं नाही असं मी समजायचं का? दर शनिवारी मी पोस्टमनच्या वाटेवर उभी राहायची. शेवटी शेवटी तो मला पाहून वाट बदलायचा गं.

इग्नेशियस बरा माणूस आहे. रेल्वेच्या कारखान्यात फिटर, पस्तीस पुरी, केस पुढून गेलेले. गेल्या रविवारी अर्धा तास ओटीवर बसून एवढंच बोलला की तुमच्या पंपाचा वायसर गेलाय. आणि तो बसवून गेला. तू हसशील, पण मला फार बरं वाटलं. बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

देवळात आमची नावं ३, १० आणि १७ ऑगस्टला वाचायची ठरली आहेत. कोणाची हरकत नसली तर वीस तारखेला लग्न. तू म्हणालीस ना तो नाही, मग माझ्यापुरतं झालं. मायला जप. तिचा राग माझ्यावर असला तर असू दे.

तुझी माया असू दे, दाखवली नाहीस तरी चालेल.

तुझी,
ल्युसी


येशू मरिया जोसेफ

मरोळ
ता. २ ऑगस्ट १९५८

चि. सौ. ल्युसी हिस,
मायचे पोटभर आशीर्वाद.

अक्षर अँजेलिनाचं आहे, बोलणं माझं. ती मधेच आपलं घालते, ते वगळून वाच. (मी काही घालत नाही. अँ.)

मुली, मी त्याला आता बारा वेळा पाहिला. धाकू देवमाणूस. बातम्यांपुरतं मला मागच्या दाराजवळ उभं राहू देतो आणि पिक्चर लागला की मी निघते. मॅनेजरने विचारलं तेव्हा म्हणाला, म्हातारेक फुटबॉलचो नाद लागलो. आता मी फुटबॉलमधलं सगळं जाणते. जॉनला मी सांगितलं, तो रशियाचा गोलवाला तुझ्यासारखा नुसता उभा राहत नाही. काल ते रीळ घाटकोपरच्या थेटरात गेलं. धाकूने तिथल्या माणसाला चिठ्ठी दिली आहे. सोमवारपासून मी बसने घाटकोपरला जाईन. तिथून मुलुंडला गेलं तर मुलुंडला जाईन. खोकला आहे, पण खोकल्याने कोण मरतं?

तेरेसा म्हणते तो नाही. ती पोर हाडं बघून माणसं ओळखते. मी नऊ महिने पोटात वाढवला, त्याला काय डावं-उजवं असतं? गाल बसलेत त्याचे. थंडीचा कोट अंगाला नीट नाही.

तुझ्यावर माझा राग नाही. तू माझ्या घरात चार वर्षं नीट राहिलीस, मला उलट बोलली नाहीस, माझ्याहून चांगलं सुकट करतेस. म्हणून पदर पसरते. लग्न करू नको. एकदा ये आणि स्वतः बघ. बघूनही नाही म्हणालीस तर वीस तारखेला मीच तुझ्या केसांत फुलं माळीन.

उद्या देवळात तुमची नावं पहिल्यांदा वाचतील. मी त्या वेळी कानांवर हात ठेवीन.

या म्हातारीला टाकू नको.

तुझी माय
(ती रोज रात्री विन्सेंटदादाचा कोट उन्हात घातला का विचारते. कोट तर हॅम्बर्गला सापडला होता ना वहिनी? घरात जो आहे तो बाबांचा. अँ.)


मरोळ
सोमवार, ता. ११ ऑगस्ट १९५८

प्रिय ल्युसीवहिनीस,
तेरेसाचा स. न. वि. वि.

हे पत्र मिळताच, काही ठरवायच्या आधी, शेवटपर्यंत वाच.

मायला ताप असूनही ती ऐकेना, म्हणून काल मी तिच्याबरोबर घाटकोपरला गेले. आम्हाला अगदी कडेला जागा मिळाली. तिथून त्या माणसाचा चेहरा नीट दिसेना, म्हणून मी त्याच्या आजूबाजूची माणसं पाहत बसले. त्याच्या शेजारी आणि पुढच्या रांगेत मिळून कोट घातलेले पाच पुरुष स्पष्ट दिसतात. कोटाचा वरचा खिसा नेहमी छातीच्या डाव्या बाजूला असतो. म्हणजे माणूस समोर असेल तर आपल्या उजवीकडे दिसायला हवा. पाचही जणांचा खिसा आपल्या डावीकडे आहे. दोघांनी त्यात रुमाल खोचलेत, त्यामुळे शंकेला जागा नाही. मी दुसऱ्या खेळालाही थांबले. तेच दिसलं.

याचा अर्थ, प्रेक्षकांचा तो तुकडा रिळात उलटा जोडला गेला आहे. खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे सरळ आहेत, म्हणजे बाकीची फिल्म ठीक आहे. फक्त ते साडेतीन सेकंद आरशात पाहिल्यासारखे आहेत. म्हणून जो हात मी उजवा म्हणाले, तो डावा.

आमच्याकडे प्रत्येक फिल्मवर डावं की उजवं ते सांगणारं शिशाचं अक्षर ठेवल्याशिवाय एक्स-रे काढत नाहीत, कारण फिल्म दोन्ही बाजूंनी पाहता येते आणि उलटी पाहिली तर चांगलं फुप्फुस आजारी ठरतं. पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. मी ते इथे तपासलं नाही आणि तुला खात्रीने लिहून मोकळी झाले. चूक माझी आहे. तिला दुसरं नाव नाही.

हा माणूस विन्सेंट आहे असं यातून सिद्ध होत नाही. डावं कोपर वाकडं असलेले सावळे खलाशी जगात पुष्कळ असतील. तो नाही, हे सांगणारा माझा पुरावा रद्द झाला, इतकंच. दोनदा नावं वाचून झाली आहेत. तिसऱ्यांदा रविवारी. त्याआधी तुला हे कळणं आवश्यक होतं.

मायला अजून सांगितलेलं नाही.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तेरेसा


वसई
ता. १३ ऑगस्ट १९५८

तेरेसा,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे.

खिसे, रुमाल, आकडे. पाच पुरुषांचे कोट तू मला सांगितलेस. मला माणूस सांग. तुझ्या डोळ्यांदेखत वाढलेला, तुझी नाताळची भेट बुडवणारा तुझा सख्खा भाऊ, त्याला ओळखायला तुला कोपर लागतं?

काल पांढऱ्या झग्याचं माप दिलं. पांढरा नको म्हणाले होते, इग्नेशियसच्या बहिणीने ऐकलं नाही. मी तिथे हात पसरून उभी होते, टेप माझ्या छातीभोवती होती, आणि भाचा तुझं पत्र घेऊन आला. तशीच उभी राहून वाचलं. शिंपी म्हणाला, बाई, श्वास घ्या, माप चुकतंय.

इथल्या थेटरात ते रीळ येत नाही. मुंबईला यायचं तर कारण सांगावं लागेल आणि कारण सांगितलं की सगळं संपलं. मी सत्तावीस वर्षांची आहे. माझ्याकडे रविवारपर्यंत वेळ आहे.

मी स्वतः बघितलं तर मला तो दिसणारच नाही. मला न दिसण्यात माझा फायदा आहे. मायला दिसणारच, तिचा दिसण्यात फायदा आहे. तुझा कशातच नाही. म्हणून तुला विचारते. सिद्ध होतं का हे विचारत नाही. तो आहे का? हो किंवा नाही, एका शब्दात लिही. पुढचं मी बघेन.

ल्युसी


मरोळ
शुक्रवार, ता. १५ ऑगस्ट १९५८

प्रिय वहिनी,

आज टपाल बंद. अँजेलिना हे पत्र हातोहात आणते आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिला जेवू घालून परत पाठव.

हो.

एक शब्द मागितला होतास, तो दिला. पण माझा कशातच फायदा नाही असं तू लिहिलंस, ते खरं नाही. ते तसंच राहू दिलं तर मी तुला दुसऱ्यांदा फसवल्यासारखं होईल.

मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखलं. हात वर जायच्या आधी. उठताना तो शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टेकून उठतो, शेजारी ओळखीचा असो वा नसो. देवळातही तसाच उठायचा आणि काका खेकसायचा. माय ओरडली तेव्हा माझ्याही तोंडून त्याचं नाव निघालं होतं. गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. बाहेर येईपर्यंत मी हाताचा विचार सुरू केला होता आणि तो जुळत नाही असं दिसल्यावर मला जे वाटलं, त्याला आनंदच म्हणावं लागेल.

मला तो मेलेला हवा होता, वहिनी. बुडालेला भाऊ पत्र लिहू शकत नाही. तीन वर्षांच्या गप्प बसण्याला मला पटेल असं तेवढं एकच कारण होतं. ते कारण गेलं तर माय रोज दाराकडे बघत जेवते त्याचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी मोजत बसले. एक्स-रे फिल्मवरचं निदान डॉक्टर लिहितात, आम्ही नाही. मला ती सोय आवडते हे या महिन्यात कळलं.

तू म्हणशील तर मी तुझ्या फादरांसमोर येऊन हे सांगेन. तू म्हणशील तर गप्प बसेन. गप्प बसले तर वीस तारखेला लग्नाला येईन आणि जन्मभर कुणाला बोलणार नाही. हे मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. पण तू विचारलंस आणि मी हो म्हणाले, ते आता दोघींपैकी कुणालाच पुसता यायचं नाही.

तुझ्याकडून क्षमेची अपेक्षा न ठेवता,
तेरेसा


मरोळ गावठाण, अंधेरी, मुंबई
रविवार, ता. ५ ऑक्टोबर १९५८

विन्सेंट यास,

तुझा पत्ता मला ठाऊक नाही. मोठ्या बंदरात खलाशांसाठी चर्च असतं, असं इथल्या फादरांनी सांगितलं. म्हणून गोथेनबर्गच्या चर्चच्या पाद्रींच्या नावे पाकीट पाठवते आहे. आत तुझं वर्णन वेगळ्या कागदावर इंग्रजीत दिलं आहे: उंची, रंग, डावं कोपर. ते तुझ्यापर्यंत पोहोचेल की नाही याचा अंदाज मला करता येत नाही.

आम्ही तुला ८ जूनच्या सामन्यात पाहिलं. तू तिसऱ्या रांगेत होतास. कोट तुला मोठा होतो.

त्या साडेतीन सेकंदांनी इथे काय झालं ते लिहिते. तू बुडालास असं कंपनीने कळवलं होतं. ल्युसीचं दुसरं लग्न ठरलं होतं. १७ ऑगस्टला, तिसऱ्या रविवारी, मिस्साच्या आधी ती स्वतः फादरांकडे गेली आणि नवरा जिवंत आहे असं सांगून तिने नाव वाचणं थांबवलं. मला बोलावलं नाही. माझं नावही घेतलं नाही. इग्नेशियस नावाच्या त्या गृहस्थांना तिने देवळाच्या आवारातच सांगितलं. आठ दिवसांनी तिची ट्रंक त्यांनीच स्टेशनवर आणून दिली, कारण तिच्या भावाने नेऊन द्यायला नकार दिला होता. ट्रंकेची कडी मोडलेली होती. ती त्यांनी बदलून आणली होती.

आता ती इथे राहते. नवरा असलेल्या बाईने कुठे राहायचं, असं तिने मला विचारलं होतं. पहाटे पाचला उठते, पाणी भरते, दुपारी शिवण करते. माय तिला सगळ्यांसमोर सौ. म्हणून हाक मारते आणि ती ओ देते. माय आनंदात आहे. ते रीळ मुलुंडनंतर कुठे गेलं ते धाकूलाही कळलं नाही, तेव्हा आठ दिवस ती जेवली नव्हती. आता रोज देवळात मेणबत्ती लावते. तिला खोकला आहे. गेल्या मंगळवारी मी तिच्या छातीचा एक्स-रे काढला. डाव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला डाग आहे. अक्षर ठेवून काढला आहे, चूक नाही. डॉक्टर वर्षभराचं औषध सांगतात. तिला सर्दी आहे असं सांगितलंय.

ल्युसीने तुझ्याबद्दल मला एकदाच विचारलं. त्या दृश्यात तुझ्या शेजारी कोण होतं, एवढंच. दोन्ही बाजूंना पुरुष होते, मी म्हणाले. ते खरं आहे. ती रडली नाही. बाई असती तर कारण तरी मिळालं असतं, म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळली.

तू परत यावंस असं मी लिहीत नाही. मायला तू हवा आहेस, ते तुला ठाऊक आहे. मला तू नको होतास, हे मी ल्युसीला सांगितलं आहे, तेव्हा तुझ्यापासून लपवत नाही. ल्युसीला कारण हवं आहे. ते वाईट असलं तरी चालेल, लाजिरवाणं असलं तरी चालेल. चार ओळी पुरतील. तिच्या नावाने लिही, आमच्या नव्हे. पाकिटावर नावाआधी काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

लोभ असावा, असं लिहून पत्र संपवायची आपल्याकडे रीत आहे. ते मी लिहीत नाही.

उत्तर असावं.

तेरेसा